गूढविद्येच्या मासिकांचीं मुखपृष्ठें

जुन्या नियतकालिकांचा अभ्यास करणारा संशोधक बहुधा बांधीव खंड हातीं घेतो. वर्षाचे अंक एकत्र शिवतांना बांधणारा प्रत्येक अंकाचें रंगीत वेष्टन काढून टाकतो, जाहिरातींचीं पानें वगळतो, कडा कापून सारख्या करतो आणि कातडी पाठीवर सोनेरी अक्षरांत नांव घालून खंड कपाटांत ठेवण्याजोगा करतो. अशा खंडाचें आयुष्य वाढतें हें खरें. परंतु टपालवाल्यानें अंक हातीं दिला त्या क्षणीं वाचकाच्या दृष्टीस जें प्रथम पडलें, तेंच नेमकें नाहींसें होतें. एखाद्या ताम्रपटाची कडी व मुद्रा तोडून टाकून नुसते पत्रे जपणाऱ्यास आपण अडाणी म्हणूं. मासिकांच्या बाबतींत हाच प्रकार मोठमोठ्या ग्रंथालयांत सुव्यवस्थेच्या नांवाखालीं झालेला आहे, आणि त्याबद्दल फारशी हळहळ कोणास वाटलेली दिसत नाहीं.

मुखपृष्ठ हें ऐतिहासिक साधन आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें सिद्ध करण्यासाठीं आम्हीं येथें एक विशेष वर्ग निवडला आहे, तो म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं निघालेलीं गूढविद्येचीं मासिकें. या वर्गाची निवड करण्याचें कारण असें कीं, त्यांच्या मुखपृष्ठांस दुहेरी काम करावें लागे. युरोपीय भाषांतील ‘ऑकल्ट’ हा शब्द झांकणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे. आपल्याकडील ‘गुह्य’ व ‘रहस्य’ यांचाच तो सोयरा. जें झांकावयाचें तें दुकानाच्या फळीवर मांडावयाचें, जें अधिकाऱ्यासच सांगावयाचें त्याची वर्गणी गोळा करावयाची, हा विरोध लेखांत लपवितां येतो, मुखपृष्ठावर येत नाहीं. तेथें कोणती अक्षरें घातलीं आणि कोणतें चिन्ह घातलें यावरून संपादकांस कोणता वाचक अभिप्रेत होता हें उघड होतें. शिवाय या मासिकांपैकीं सर्वांत दीर्घायुषी व प्रभावी जें ठरलें तें मुंबईस, गिरगांवांत जन्मलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल.

मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट हे १६ फेब्रुवारी १८७९ रोजीं मुंबई बंदरांत उतरले. थिऑसॉफिकल सोसायटी त्यापूर्वीं सुमारें सव्वातीन वर्षें, म्हणजे नोव्हेंबर १८७५ मध्यें, न्यूयॉर्क येथें स्थापन झालेली होती. परंतु तिचें स्वतःचें असें नियतकालिक नव्हतें. तें ऑक्टोबर १८७९ मध्यें ‘दि थिऑसॉफिस्ट’ या नांवानें निघालें. छपाई इंडस्ट्रियल प्रेसमध्यें झाली. प्रकाशनाचा पत्ता गिरगांव बॅक रोड, क्रमांक १०८, असा होता. ऑलकॉट यांनीं आपल्या आठवणींत नोंदविलें आहे कीं, ३० सप्टेंबरच्या संध्याकाळीं पहिल्या ४०० प्रती घरीं आल्या, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतील सगळीं माणसें वेष्टनें चिकटविण्यांत व पत्ते लिहिण्यांत गुंतलीं. शहरांतील वर्गणीदारांस शिपायांबरोबर अंक पाठविले, बाहेरगांवच्यांस टपालानें. मासिकाच्या व्यवस्थेचा भार पुढें ज्यांनीं उचलला ते दामोदर मावळंकर हे कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबांतील तरुण गृहस्थ होते. सोसायटींत ते त्याच वर्षाच्या ऑगस्टांत दाखल झाले होते. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचाही या मंडळीशीं संबंध आला. तात्पर्य, हें मासिक मुंबईंत केवळ छापलें गेलें असें नव्हे. त्याच्या घडणींत येथल्या माणसांचा हात होता.

आतां त्याच्या शीर्षपृष्ठाकडे पाहूं. मोठ्या खिळ्यांत नांव, आणि त्याखालीं एक लांबलचक उपशीर्षक: पौरस्त्य तत्त्वज्ञान, कला, वाङ्मय व गूढविद्या यांस वाहिलेलें मासिक, आणि पुढें पुस्ती अशी कीं, त्यांत मेस्मेरिझम, स्पिरिच्युॲलिझम व इतर गुप्त शास्त्रें यांचाही समावेश होतो. या क्रमांत सगळें धोरण उतरलें आहे. तत्त्वज्ञान, कला आणि वाङ्मय हे तीन शब्द पुढें, म्हणजे कलेक्टर व कॉलेजांतील पंतोजी यांनीं अंक उघड्यावर ठेवण्यास हरकत नाहीं. ‘ऑकल्टिझम’ चवथा. मेस्मेरिझम आणि मृतात्म्यांशीं संभाषण, ज्यांच्यासाठीं लंडन व न्यूयॉर्कचा वाचक वर्गणी भरणार, तीं सर्वांत शेवटीं. पृष्ठही मोठें, चौपत्री आकाराचें आणि दोन रकान्यांचें होतें. असा आकार त्या काळीं साप्ताहिकांस शोभे. वादविवाद, पत्रव्यवहार, खंडनमंडन यांस तो सोयीचा. ऑक्टोबर १८८५ पासून, म्हणजे सातव्या वर्षाच्या आरंभीं, मासिकानें अष्टपत्री आकार घेतला. तोंपर्यंत बिऱ्हाड मुंबईहून अड्यारास हललें होतें आणि वादळी दिवस येऊन गेले होते. साप्ताहिकाच्या आकाराचें पत्र आतां ग्रंथाच्या आकाराचें झालें. वाचून टाकण्याऐवजीं जपून ठेवण्याचें झालें. आकारांतील या एका बदलावरून संपादकांची आपल्या कार्याविषयींची कल्पना कशी पालटली हें जितकें कळतें, तितकें दहा संपादकीयांवरून कळत नाहीं.

उपशीर्षकाजवळच मुंबईच्या काळांतील अंकांवर एक वचन येऊं लागलें: सत्याहून श्रेष्ठ असा धर्म नाहीं, या अर्थाचें इंग्रजी वाक्य, आणि कंसांत खुलासा कीं हें काशीच्या महाराजांचें कुलवचन होय. मूळ संस्कृत शब्द ‘सत्यान्नास्ति परो धर्मः’ असे आहेत. संस्कृताध्यापनांत आमचें आयुष्य गेलें असल्यामुळें या चार शब्दांपाशीं थोडें थांबल्याबद्दल वाचक क्षमा करतील. ‘सत्यात्’ ही तुलनार्थी पंचमी. ‘परः’ या शब्दाचे तिच्या योगानें दोन अर्थ संभवतात. सत्याहून श्रेष्ठ धर्म नाहीं, हा एक; आणि सत्याहून निराळा असा धर्मच नाहीं, हा दुसरा. इंग्रजींत ‘अधिक उंच’ या अर्थाचा शब्द योजिल्याबरोबर दुसरा अर्थ गळून पडला. त्याहून मोठी घालमेल ‘धर्म’ शब्दाची झाली. राजाच्या चिन्हावर धर्म म्हणजे राजाचें कर्तव्य. तेथें वचनाचा रोख असा कीं, प्रजापालन करणाऱ्यास सत्यपालनाहून मोठें कर्तव्य नाहीं. शांतिपर्वांतील सत्यविवेचन हाच त्याचा आधार. इंग्रजी भाषांतरांत धर्म म्हणजे ‘रिलिजन’, म्हणजे ख्रिस्ती, महंमदी, हिंदु इत्यादि पंथ. आणि वाक्याचा रोख झाला असा कीं, कोणताही पंथ सत्यापुढें खालचाच. चर्चशीं भांडून आलेल्या पाश्चात्य वाचकास हें वाक्य बंडाचें निशाण वाटलें. काशीकडील वाचकास तें जुनें सुभाषित वाटलें. दोघेही आपापल्या परी खूष झाले. भाषांतर चुकलें असें म्हणून आम्ही हात झटकणार नाहीं. कारण हें दुहेरी वाचन मासिकास पथ्यावर पडलें, आणि कंसांतील ‘काशीचे महाराज’ हे शब्द त्या वाचनास राजमुद्रेचा भार देत होते.

येथें मुद्रणाचा एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. वचन इंग्रजींत छापणें सोपें. तेंच देवनागरींत जुळवावयाचें म्हणजे ‘त्य’, ‘न्न’, ‘स्त’ हीं जोडाक्षरें, काना, वेलांटी, रफार व विसर्ग यांचे खिळे हवेत, आणि ते इंग्रजी खिळ्यांच्या ओळींत उंचीला बसले पाहिजेत. मुंबईंत ही अडचण असण्याचें कारण नव्हतें. जावजी दादाजी यांचा निर्णयसागर छापखाना १८६९ पासून चालूं होता आणि त्यांच्या ओतशाळेंतील वळणदार टाइप पुढें साऱ्या हिंदुस्थानांत नांवाजला. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या सामान्य जुळाऱ्याच्या खणांत मात्र देवनागरी अक्षरें कोठून असणार? तेथें देवनागरीचा एखादा ‘ॐ’ हवा असला तरी तो ठसा कोरवून घ्यावा लागे, आणि शब्द रोमन लिपींतच बसवावे लागत. ज्यास अक्षर म्हणून वाचतां येत नाहीं असा ‘ॐ’ ठशांतून छापला कीं तो अक्षर राहत नाहीं, चित्र होतो. आपण ज्याचा उच्चार करतों त्याकडे तिकडचा वाचक केवळ पाहत राहतो. गूढतेचा निम्मा भाग अशा रीतीनें खिळ्यांच्या अभावांतून जन्मला, असें आम्हांस वाटतें.

सोसायटीच्या मुद्रेचीही हीच कथा. या मुद्रेचा उगम १८७५ च्या सुमाराचा असून ब्लाव्हाट्स्की बाईंच्या खाजगी मोहरेवरून ती बेतलेली आहे. त्यांची नामाक्षरें जेथें होतीं तेथें मिसरी ‘अंख’, म्हणजे जीवनचिन्ह, घातलें गेलें. भोंवतीं दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवून केलेला षट्कोण, त्याबाहेर आपलेंच शेपूट गिळणारा सर्प, सर्पाच्या माथ्याशीं वर्तुळांत स्वस्तिक, आणि पुढील काळांतील रूपांत सर्वांवर ‘ॐ’ व कडेनें तें वचन. यांतील सर्प ग्रीक किमयागारांच्या पोथ्यांत सांपडतो व त्याहीपूर्वीं मिसरांत. षट्कोणास युरोपांत सॉलोमनची मुद्रा म्हणत; आमच्याकडे यंत्रें रेखणारा उपासक तोच शिव व शक्ति यांचा संयोग म्हणून ओळखतो. गिरगांवांतील वाचकास या मुद्रेंत दोन चिन्हें घरचीं व दोन परकीं दिसलीं असतील. लंडनच्या वाचकासही तसेंच, फक्त घरचीं व परकीं यांची अदलाबदल झालेली. अशी मुद्रा शोधून काढणाऱ्याच्या व्यवहारचातुर्यास दाद दिली पाहिजे, मग त्याच्या तत्त्वज्ञानाविषयीं आपलें मत कांहींही असो.

स्वस्तिकासंबंधीं अधिक लिहिणें प्राप्त आहे. श्लीमान यानें ट्रॉय येथें उत्खनन करून जीं भांडीं व चात्या काढल्या त्यांवर हें चिन्ह विपुल आढळल्यामुळें १८७० नंतर युरोपांतील पंडितांत त्याची चर्चा माजली होती. श्लीमानच्या १८८० च्या ‘इलिऑस’ ग्रंथांत मॅक्समुल्लर यांचें टिपण आहे; त्यांत उजवीकडे वळणारें तें स्वस्तिक आणि डावीकडे वळणारें तें सौवस्तिक, असा भेद मांडला आहे. छापखान्याच्या दृष्टीनें हा भेद फार नाजूक. ठशावर आकृति नेहमीं उलटी कोरावी लागते. कोरणारानें नमुना जसाच्या तसा लांकडावर उतरविला तर कागदावर उजव्याचें डावें होतें. षट्कोण किंवा अंख उलटा झाला तरी तसाच दिसतो. मुद्रेंतील वळण बदलणारीं चिन्हें म्हणजे सर्प आणि स्वस्तिक. म्हणून एखाद्या जुन्या मुखपृष्ठावर डाव्या वळणाचें स्वस्तिक दिसलें कीं त्यांत तांत्रिक हेतु शोधणाऱ्यांनीं प्रथम ठसा कोरणाराचा विचार करावा.

हें चिन्ह मासिकांच्या मुखपृष्ठावरून जर्मनींत कसें गेलें, याचा एक दुवा निश्चित सांगतां येतो. फ्रान्झ हार्टमान हा जर्मन वैद्य १८८३ च्या अखेरीस अड्यारास आला आणि १८८५ पर्यंत तेथें राहिला. मध्यंतरीं संस्थापक युरोपांत गेले असतां तेथील कारभारी मंडळांत तो प्रमुख होता. स्वदेशीं परतल्यावर १८९२ ते १९०० या काळांत त्यानें लाइपझिग येथून ‘लोटुसब्ल्यूटन’, म्हणजे ‘कमलपुष्पें’, हें मासिक चालविलें. गुडरिक-क्लार्क या इंग्रज इतिहासकारानें नमूद केल्याप्रमाणें थिऑसॉफीचें स्वस्तिक मुखपृष्ठावर मिरविणारें तें पहिलें जर्मन प्रकाशन होय. त्याच सुमारास ह्यूबे-श्लायडन यांचें ‘स्फिंक्स’ (१८८६–१८९६) हें मासिकही निघत असे व त्यासाठीं फिडुस या नांवानें चित्रें काढणारा तरुण कलावंत काम करी. जर्मन मुद्रणांतील एक चाल येथें सांगितली पाहिजे. तिकडे सर्वसामान्य मजकूर कोनदार ‘फ्राक्टूर’ अक्षरांत छापीत, आणि परकीय शब्द आला कीं तेवढाच गोल रोमन वळणाच्या ‘अँटिकुआ’ अक्षरांत घालीत. म्हणजे कोणता शब्द घरचा आणि कोणता पाहुणा, हें वाचकास अर्थ कळण्यापूर्वींच अक्षरांवरून कळे. चित्रास असा नियम नसतो. स्वस्तिकास कोणी निराळ्या वळणांत घातलें नाहीं. त्याचें पाहुणेपण दाखविणारी खूण नव्हती, आणि तें घरांत सहज शिरलें.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९२० सालीं नाझी पक्षानें स्वस्तिकाचा झेंडा घेतला आणि १९३५ सालीं तो जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला. त्यावरून गिरगांवच्या मासिकानें नाझींस स्वस्तिक पुरविलें, असें विधान कांहीं उत्साही लेखक करतात. हें विधान टिकण्यासारखें नाहीं. ट्रॉयच्या उत्खननाची प्रसिद्धि, आर्यवंशाच्या कल्पनेचें वेड, व्हिएन्ना व म्युनिक येथील वंशाभिमानी मंडळें, हे सगळे प्रवाह त्यांत मिळालेले आहेत. थिऑसॉफीच्या पत्रांचा प्रवाह त्यांपैकीं एक. सर्व मानवजातीच्या बंधुत्वाचा पुरस्कार हा या सोसायटीचा जाहीर हेतु होता आणि त्याच कारणास्तव नाझी राजवटीस ती नकोशी झाली. १९३७ सालीं जर्मनींतील थिऑसॉफीच्या संस्थांवर बंदी आली आणि जून १९४१ मध्यें, हेस विमानानें ब्रिटनांत निघून गेल्यानंतर, ज्योतिषी व गूढवादी यांची सरसकट धरपकड झाली. ज्यांनीं हें चिन्ह आपल्या मासिकावर आधीं छापलें त्यांच्यावर, तेंच चिन्ह दंडावर बांधणाऱ्यांनीं झडती आणली. परंतु प्रवाह एकच असो कीं अनेक, त्यांपैकीं हा एक आपणांस दाखवितां येतो तो ‘लोटुसब्ल्यूटन’चें वेष्टन कोणी तरी जपून ठेवलें म्हणून. आंतील मजकूर कितीही काळजीपूर्वक वाचला तरी ही गोष्ट त्यांतून निष्पन्न झाली नसती.

चिन्हाप्रमाणें नांवही मुखपृष्ठावर घोटाळा उडवितें. सप्टेंबर १८८७ मध्यें ब्लाव्हाट्स्की बाईंनीं मेबेल कॉलिन्स यांच्यासह लंडन येथें दुसरें मासिक काढलें व त्याचें नांव ठेवलें ‘ल्युसिफर’. ख्रिस्ती लोकांत हें सैतानाचें नांव. पहिल्याच अंकांत त्यांनीं खुलासा केला कीं, ल्युसिफर म्हणजे प्रकाश आणणारा, पहांटेचा शुक्रतारा. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें त्या सर्वस्वीं बरोबर होत्या. लॅटिन ‘लुक्स’ हा आमच्या ‘रुच्’ धातूचा भाऊ आणि ‘फेर्’ हा ‘भृ’चा, अक्षरशः संस्कृत करावयाचें तर ‘रुचिभर’ असें काहींसें होईल, आणि त्यांत भयंकर असें कांहीं नाहीं. परंतु दुकानाच्या काचेंतून पाहणारा मनुष्य धातुपाठ बरोबर घेऊन हिंडत नाहीं. सप्टेंबर १८९७ पासून, बाईंच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनीं, तें नांव मागें घेऊन ‘दि थिऑसॉफिकल रिव्ह्यू’ असें सोज्वळ नांव ठेवण्यांत आलें. येथेंही आकारबदलाचीच गोष्ट दिसते: बंड करणारें पत्र प्रतिष्ठित समीक्षा झालें.

याच्या अगदीं उलट वाट अलिस्टर क्रॉली यानें धरली. त्याचें ‘दि इक्विनॉक्स’ मार्च १९०९ पासून सप्टेंबर १९१३ पर्यंत वसंत व शरद अशा दोन विषुवांस निघत राहिलें. एकूण दहा जाडजूड अंक झाले. प्रत्येक अंक मासिकासारखा न दिसतां ग्रंथासारखा दिसे. त्याचें ब्रीदही मुखपृष्ठास साजेसें होतें: विज्ञानाची पद्धति, धर्माचें ध्येय. त्याच्या पृष्ठांतून संस्थेच्या नांवाच्या आद्याक्षरांपुढें त्रिकोणांत मांडलेले तीन ठिपके येतात. ही खूण फ्रान्समधील फ्रीमेसन लोकांनीं १७७४ च्या सुमारास रूढ केली. पूर्णविरामाच्या जागीं तीन ठिपके आले कीं सामान्य संक्षेप रहस्य बनतो, आणि जुळाऱ्यास त्यासाठीं नवा खिळा ओतावा लागत नाहीं, कारण भूमितीच्या पुस्तकांतील ‘म्हणून’ या अर्थाचें चिन्ह नेमकें तेंच आहे. इतक्या स्वस्तांत इतकें गूढ क्वचितच मिळालें असेल. दुसरा खंड म्हणून त्यानें मौन पाळल्याचें जाहीर केलें, आणि तिसऱ्या खंडाचा पहिला अंक १९१९ सालीं अमेरिकेंत डिट्रॉइट येथून निघाला. त्याच्या बांधणीच्या रंगावरून संग्राहक त्यास ‘निळा इक्विनॉक्स’ म्हणतात. अंकास त्याच्या वेष्टनाच्या रंगानें ओळखतात, तेव्हां तें वेष्टन फेकणारा ग्रंथपाल काय फेकतो हें वेगळें सांगावयास नको.

अलीकडे गूढविद्येच्या जुन्या पत्रांच्या रक्षणासाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ काम करीत असून १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंतचीं अशीं नियतकालिकें यंत्रानें पानोपान उतरवून सर्वांस खुलीं करण्याचा त्याचा उद्योग आहे. हें काम स्तुत्य आहे. तथापि बांधीव खंडांवरून उतरविलेल्या प्रतींत बांधणारानें पूर्वीं केलेला अपहार तसाच पुढें चालतो. ‘थिऑसॉफिस्ट’पुरतें बोलावयाचें तर अडचण आणखी वाढते, कारण मुंबईच्या काळांतच या मासिकास सोसायटीच्या वृत्तांताची पुरवणी जोडली जाऊं लागली व तिचे पृष्ठांक स्वतंत्र असत. कोणी बांधणारा ती अंकामागें बसवी, कोणी वर्षाच्या शेवटीं एकत्र करी, कोणी सरळ गाळी. शाखांच्या स्थापना, सभासदांचीं नांवें, व्याख्यानांच्या तारखा हा जो भाग महाराष्ट्राच्या इतिहासास सर्वांत उपयुक्त, तोच अशा रीतीनें अस्ताव्यस्त झाला. तुकाराम तात्या पडवळ यांच्यासारख्या गृहस्थाचें उदाहरण घ्या. १८६१ सालीं ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारा हा मनुष्य पुढें थिऑसॉफीचा सभासद होऊन मुंबईंत संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करूं लागला. त्याच्या या दुसऱ्या पर्वाचा माग काढावयाचा तर लेखांपेक्षां पुरवण्यांचा व पुस्तकांच्या जाहिरातींचाच आश्रय करावा लागतो, आणि जाहिराती तर वेष्टनावरच असत.

ज्या वाचकांच्या घरीं किंवा गांवच्या वाचनालयांत १८७९ ते १८८२ या मुंबईच्या काळांतील या मासिकाचे न बांधलेले सुटे अंक असतील, त्यांनीं ते बांधावयास देण्यापूर्वीं मंडळास कळवावें. कळवितांना वेष्टनाच्या कागदाचा रंग, अंकाची न कापलेली लांबीरुंदी, मुद्रेंतील स्वस्तिकाचें व सर्पाचें वळण, देवनागरी अक्षर कोठें असल्यास तें खिळ्यांचें आहे कीं ठशाचें, पुरवणी कोठें जोडली आहे, आणि मलपृष्ठावर कोणाच्या जाहिराती आहेत, एवढ्या गोष्टी नोंदवाव्या. ठसा कीं खिळे हें ओळखण्याची सोपी रीत अशी कीं, तेंच अक्षर त्याच पानावर दुसरीकडे आलें असल्यास दोन्हीं भिंगाखालीं ताडून पाहावीं. खिळ्यांचीं अक्षरें जुळतात, कोरलेलीं जुळत नाहींत.